तिखट नाक, कच्ची ओळख

लेकराचं नाक पुसावं तशी आमच्या प्रयोगशाळेतल्या बाई पाणी तपासायच्या यंत्राची नळी मऊ कागदाने टिपायच्या. आकड्यासाठी कोणी घाई केली की म्हणायच्या, "थांबा की. आधी नाक तर पुसून होऊ द्या."

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. आमच्या पाणी तपासणीच्या खोलीवर पत्रे होते आणि दुष्काळामुळे गावोगावच्या बाटल्या येऊन पडत होत्या. पाण्यातलं फ्लोराइड ही नळी हुंगायची. दुपारी पत्रे तापले की आकडे भरकटायचे. मी वैतागलो की बाई म्हणत, "या उन्हात तुमी तरी कुठं धड बोलायलात?"

नळीबद्दल त्यांचं मत ठरलेलं होतं. "नाक तिखट हाय, वळख कच्ची." किंचितसं फ्लोराइडही तिला कळायचं, पण भलत्यालाच फ्लोराइड समजायची खोडही होती. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आमचे साहेब त्यातलेच. कोणीतरी शेंगदाणे खातंय हे त्यांना पलीकडच्या खोलीत कळायचं. शेंगदाणे बाईंचे असत, बोलणी मला बसत. बाई तेव्हा मान खाली घालून नळी पुसत असायच्या.

एकदा औशाकडच्या एका गावातून म्हातारे मामा बाटली घेऊन आले. गावात पाणी उरलेला तो एकच हापसा. आकडा भलताच चढला. साहेब म्हणाले, "हापशाला लाल रंग फासा, बंद करा."

मामा बाईंकडे वळले. "मग गावानं प्यावं काय, बाई?"

बाईंनी लिटमसचा लाल कागद पाण्यात बुडवला. तो निळा झाला. "मामा, बाटली कशानं धुतली?"

"धुण्याच्या सोड्यानं. जिल्ह्याला न्यायची म्हणल्यावर घाण कशी न्यावी?"

बाई तोंडाला पदर लावून हसत राहिल्या. सोड्याच्या खारालाच नळीने फ्लोराइड ठरवलं होतं, आणि तो खार मारायचं रसायन जुन्या जिल्ह्यातून अजून यायचंच होतं. बाईंनी अहवालावर सही केली नाही. साहेब चिडले, तरी केली नाही. मामांना दुसरी बाटली देऊन म्हणाल्या, "हापशाच्याच पाण्यानं विसळा, बाकी काही लावू नका."

त्या बाटलीचा आकडा मुकाट खाली उतरला. हापसा वाचला. पुढे मामा बाटली आणत ती बाहेरच्या धुळीसकट, मोठ्या ऐटीत.

मग बाईंची नांदेडला बदली झाली. मामा आले, रिकामी खुर्ची पाहून घुटमळले. "नाक पुसणाऱ्या बाई न्हाईत का?" बाईंसाठी आणलेली शेंगदाण्यांची पुडी त्यांनी माझ्या हातात ठेवली.

मी नळी पुसली, बाटली लावली आणि एकट्यानेच शेंगदाणे खाऊ लागलो. साहेब आत आले आणि सरळ माझ्यावर डाफरले. पहिल्यांदाच त्यांनी बरोबर माणूस पकडला होता. मला फार वाईट वाटलं.