अण्णांच्या खोलीतली बादली

माझे वडील, आमचे अण्णा, कॅनडात माझ्याकडे राहायला आले ते एकदाच. आई गेल्यानंतर गावच्या घरात त्यांना करमेना, म्हणून मी त्यांना सस्काटूनला आणलं. अण्णा तासगावकडचे द्राक्षबागायतदार. सगळी हयात वेलींखाली गेली, पण दारूचा थेंब कधी तोंडाला लावला नाही. लग्नाच्या वरातीत कुणी पिऊन आलेला दिसला की ते सरळ घरी निघून येत. त्यामुळे ते यायच्या आधी नवऱ्याने घरातल्या चार बाटल्या बेसमेंटमध्ये रंगाच्या डब्यांमागे लपवल्या होत्या.

त्याच बेसमेंटमध्ये एक खोकंही पडून होतं. नवरा पोटॅशच्या खाणीत इंजिनिअर होता. तो रिटायर झाला तेव्हा बरोबरच्या लोकांनी त्याला घरी वाईन करायचं किट भेट दिलं होतं. द्राक्षरसाची मोठी पिशवी, यीस्टची पुडी, झाकणाची बादली आणि बुडबुडे बाहेर सोडणारी एक वाकडी नळी. उन्हाळा बागेत आणि गॅरेजमध्ये गेला. जानेवारीत बाहेर उणे तीस झालं, दारातलं बर्फ शोव्हलने उपसण्यापलीकडे काही काम उरलं नाही, तेव्हा त्याला त्या खोक्याची आठवण झाली.

"अण्णा आहेत घरात," मी म्हटलं.

"ते कशाला खाली येतायत?"

पण अण्णा खाली येत होते. बर्फावर पाय घसरेल म्हणून मी त्यांना बाहेर जाऊ देत नव्हते आणि त्यांना तर रोज चालायची सवय. मग ते दुपारी बेसमेंटमध्ये वॉशिंग मशीनपासून फर्नेसपर्यंत फेऱ्या मारायचे. बादली भरून ठेवल्याला दोनतीन दिवस झाले असतील. मी कपडे घड्या करत होते, नवरा बादलीशी वाकून नळीकडे टक लावून बसला होता. त्याला अण्णांची चाहूलच लागली नाही.

"पाव्हणं, काय आंबत घातलंय?"

नवरा दचकून उभा राहिला. "काही नाही अण्णा, आपला... द्राक्षाचा रस."

"रस कशासाठी आंबवतात ते कळतं मला." अण्णा जवळ आले, बादलीवर वाकले आणि त्यांनी वास घेतला. मी हातातला टॉवेल तसाच धरून उभी. आता काय ऐकावं लागतंय कोण जाणे. अण्णांनी बादलीला तळहात लावला, मग खालच्या फरशीला लावला.

"पण हे आंबेना झालंय की. गार पडलंय."

खरंच होतं ते. नळीतून एकही बुडबुडा येत नव्हता. रसात सोडायची काचेची तरंगती नळी होती, तिच्यावरचा आकडाही जेमतेम हलला होता. साखर जशी संपत जाईल तशी ती नळी बुडत जायला हवी. ती मात्र ताठ उभी. नवरा दिवसातून पाच वेळा झाकण उघडून ढवळत होता. वरून थोडी साखर टाकून बघावी, असंही त्याच्या मनात आलं होतं.

दुसऱ्या दिवशी नवरा किटच्या दुकानात निघाला, तर अण्णा माझा जुना पार्का आणि कानटोपी चढवून दारात तयार. "मी पण येतो. नुसतं ऐकतो." मी गाडी काढली.

काउंटरमागच्या बाईंनी आधी विचारलं, बादली कुठे ठेवली आहे? बेसमेंटमध्ये, खाली काँक्रीटवर, हे ऐकल्यावर त्या हसल्या. या गावात हिवाळ्यात निम्मी गिऱ्हाइकं हीच तक्रार घेऊन येतात, म्हणाल्या. मी अण्णांना मराठीत सांगत गेले. यीस्ट मेलेलं नाही, गारठलंय. उबदार खोलीत न्या, जमिनीवर न ठेवता लाकडावर ठेवा. साखर अजिबात टाकू नका. बुडबुड्यांवर भरवसा ठेवू नका, झाकण सैल असेल तर हवा बाजूने निघून जाते. आकडा बघा, तोही दिवसाआड. एवढं करून हललं नाही तरच नवं यीस्ट कोमट पाण्यात फुलवून मग घाला. त्यांनी एक पुडी दिली. आणि आंबताना निघणारा वायू कोंडू नये म्हणून खोलीचं दार मात्र थोडं उघडं ठेवा, असंही बजावलं.

घरी आल्यावर प्रश्न पडला, उबदार खोली कोणती? सगळ्या घरात एकच होती. अण्णांना थंडी सोसत नाही म्हणून त्यांच्या खोलीत वेगळा हीटर लावला होता.

"माझ्या खोलीत आणा," अण्णा म्हणाले.

"अण्णा, अहो वाईन आहे ती!"

"मग? मी काय पिणाराय का? नुसतं राखायचंय."

नवऱ्याने बादली जिन्यावरून वर आणली. अण्णांनी कपाटाजवळची जागा दाखवली, खाली लाकडी पाट ठेवायला लावला आणि स्वतःच्या अंगावरची सोलापुरी चादर काढून बादलीभोवती गुंडाळली. "सारखं उघडून बघायचं नाही आता," असं त्यांनी जावयाला दटावलंही. माझ्या मुलीने टोरांटोहून व्हिडिओ कॉल केला तेव्हा मी तिला ती गुंडाळलेली बादली दाखवली. ती म्हणाली, "ओ माय गॉड, आजोबा इज बेबीसिटिंग वाईन!" अण्णांना मी अर्थ सांगितला, तर ते खांदे हलेपर्यंत हसले. आई गेल्यापासून त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

पहिल्या दिवशी काही झालं नाही. नवरा ती नवी पुडी घेऊन दारात घुटमळत होता. अण्णांनी त्याला परत पाठवलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा केला आणि त्यांना हाक मारली, तर आतूनच आवाज आला, "इकडं या दोघं. बोलू नका, ऐका."

आम्ही पलंगाच्या कडेला बसलो. चादरीतून 'बुडुक' असा आवाज आला. थोड्या वेळाने पुन्हा. नवऱ्याने काचेची नळी आणून रसात सोडली, ती चांगलीच खाली गेली. त्याने आनंदाने अण्णांच्या हातावर टाळी दिली. सासऱ्याला टाळी देणारा माझा नवरा मी तेव्हाच पाहिला.

चहा पिता पिता अण्णा बादलीकडे बघत बोलू लागले. "आपल्याकडं वायनरीची माणसं आली होती. तू इकडं आलीस त्याच्या आसपासच. त्यांच्या जातीची द्राक्षं लावा, सगळा माल उचलतो म्हणाले. मी उंबऱ्यावरूनच परत लावलं त्यांना."

मला हे ठाऊक नव्हतं. "आई काय म्हणाली?"

"ती म्हणाली, माणसं लांबून आलीत, निदान पाणी तरी द्यायचं." ते थोडे हसले. "चूक केली असं नाही म्हणत मी. पण पिकवलेल्या द्राक्षांचं पुढं काय होतं हे कधी बघितलंच नाही. छाटणी कळायची, पानावरचा डावणी रोग कळायचा, घड बघून गोडी सांगायचो. गाडी भरून गेली की माझं काम संपलं."

मग ते बागेबद्दल बोलत राहिले. वेली काढून टाकल्या त्या दिवशी ते मुद्दाम सांगलीला जाऊन बसले होते, हेही मला तेव्हाच कळलं. सांभाळायला कुणी राहिलं नव्हतं. त्यांनी हे तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही, तरी मला चहाचा कप खाली ठेवावा लागला.

पुढे वाईन निवळली. बाटल्या भरायच्या दिवशी अण्णा स्वयंपाकघरात खुर्ची घेऊन बसले आणि प्रत्येक बाटली उजेडासमोर धरून बघू लागले. नवऱ्याने एका वाटीत चमचाभर काढून त्यांच्यापुढे केली. त्यांनी वास घेतला, बराच वेळ घेतला, आणि वाटी परत दिली. "चांगलं झालंय," म्हणाले. एप्रिलमध्ये बर्फ वितळायला लागलं आणि ते गावी गेले.

दिवाळीला आम्ही पहिली बाटली फोडली. इथले मराठी मित्र आले होते. एकाने घोट घेऊन "इंटरेस्टिंग आहे," म्हटलं, त्यावरून काय ते समजलो. जरा आंबटच होती. मी मात्र माझा ग्लास सावकाश संपवला, परत थोडी ओतून घेतली आणि आतल्या खोलीत जाऊन अण्णांना फोन लावला. गावी सकाळ होती.

"कशी झाली?" त्यांनी विचारलं.

"आंबट."

"किती आंबट?"

मी सांगायचा प्रयत्न केला. ते एकेक विचारत गेले, जिभेला लागते की घशाला, मागून गोडी येते का, वास कसा आहे. मी परत एक घोट घेऊन सांगायची. नवऱ्याने दारातून डोकावून जेवण वाढल्याची खूण केली, तरी आमचं बोलणं चालूच होतं.