आम्ब्रोस बिसिगची कारबाइन

शेखेनतालच्या खोऱ्यात कुणाच्याही बैठकीत शिरलं की भिंतीवर आजोबांची रायफल दिसते, शेजारी बक्षिसाची गाईची घंटा आणि खाली चांदमारीत मिळालेले बिल्ले. आगाता बिसिगच्या घरात मात्र खुंट्यांच्या चार जोड्या होत्या आणि त्यांवर टांगलेलं काही नव्हतं. शाळेत हर्गरांचा पोरगा म्हणायचा, "बिसिगांकडे बंदुकीऐवजी आई टोपी टांगते." आगाताने एकदा त्याचं नाक फोडलं. घरी येऊन आईला सांगितलं, तर आईने तिच्या बाहीवरचा रक्ताचा डाग धुवायला घेतला.

आईचं नाव कारोलीना. आगाता दहा वर्षांची असताना तिचा बाप आम्ब्रोस ऑगस्टमध्ये कड्यावरचं रानगवत कापताना घसरला आणि सापडला तो थेट खाली ओढ्यात. मागे पाच पोरं, सहा गाई आणि हिवाळा तोंडावर. त्याच शरदात सखल मुलखातला एक व्यापारी गाडी घेऊन वर आला. चार पिढ्यांच्या चार रायफली त्याने पोत्यात गुंडाळल्या आणि बदल्यात एक नवंकोरं शिलाई मशीन उतरवून ठेवलं. त्या मशीनवर कारोलीनाने पंचवीस वर्षं खोऱ्यातल्या अर्ध्या लोकांचे कोट शिवले आणि पाचही पोरांना मार्गाला लावलं. भाऊ-बहिणी खाली शहरांत गेले. आगाता राहिली. वरच्या कुरणांवर जाणारा छोटा रोपवे ती तीस वर्षं चालवत होती. आठ माणसं किंवा दोन वासरं, एवढी त्याची ऐपत.

ती चाळिशीत होती तेव्हा माळ्यावर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा सापडला. आत चार सैनिकी पुस्तिका. खापरपणजोबा योस्ट, पणजोबा झेवर, आजोबा कास्पार आणि बाप आम्ब्रोस. प्रत्येकीत कारकुनाच्या सुबक अक्षरात, सैन्याने कुठल्या साली कुठली रायफल घरी ठेवायला दिली ते लिहिलेलं, आणि तिचा क्रमांक. आगाता माळ्यावरच बसली. इतकी वर्षं तिला वाटत होतं, गेल्या त्या गेल्या. आता हातात चार क्रमांक होते. ज्याला क्रमांक आहे ते शोधता येतं.

आई स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती.

"आई, मी त्या परत आणणार."

"आण बापडे," कारोलीना म्हणाली, "पण एक ध्यानात ठेव. मी त्या विकल्या नाहीत. बदलल्या."

खापरपणजोबांची व्हेटर्ली रायफल तीन वर्षांनी सापडली, तीही दिवा होऊन. एका खाटकाच्या बायकोने नळीतून वायर घालून तिच्यावर झालरीची छत्री चढवली होती. आगाताने तिला दुसरा दिवा आणून दिला आणि व्हेटर्ली घरी नेली. पणजोबांची लांब रायफल लुसर्नच्या शस्त्रांच्या जत्रेत एका टेबलाखाली पडली होती. दस्त्याला भेग पडलेली, म्हणून कुणी ढुंकूनही पाहत नव्हतं. तिने पालथं पडून क्रमांक वाचला आणि असा चीत्कार काढला की विक्रेत्याला वाटलं, बाईला चावलं काहीतरी. आजोबांची कारबाइन, म्हणजे आखूड नळीची रायफल, मिळाली एका गावच्या हौशी नाटक मंडळीकडे. चाळीस वर्षं ती रंगमंचावर शिपायाच्या खांद्यावर उभी होती. "देतो," मंडळीचा म्होरक्या म्हणाला, "पण दर हिवाळ्यात प्रयोगाला उसनी आणायची." आगाता अजून नेऊन देते आणि पहिल्या रांगेत बसून नाटक बघते.

नुसत्या भिंतीवर टांगायला तिने त्या आणल्या नव्हत्या. ती गावच्या चांदमारी मंडळात दाखल झाली. पहिल्या रविवारी तिचा खांदा काळानिळा झाला. दहाव्या वर्षी तीनशे मीटरवर आजोबांच्या कारबाइनने ती भल्याभल्यांना मागे टाकू लागली. हर्गरांचा तो पोरगा आता टक्कल पडलेला बाप्या झाला होता. तो तिच्यासाठी काडतुसांची पेटी उचलून आणायचा.

राहिली बापाची. गंमत अशी की जुन्या रायफली सापडल्या आणि सगळ्यांत नवी सापडेना. सन एकतीसच्या नमुन्याच्या तसल्या कारबाइनी सरकारने पाच लाखांच्या वर बनवल्या. दर्या में खसखस! जत्रा झाल्या, जाहिराती झाल्या, पत्रं झाली. वीस वर्षं गेली. शेवटी तिने रोपवेच्या पाळण्यात काचेवर एक पुठ्ठा चिकटवला. वर क्रमांक, खाली एवढंच: "ही माझ्या बापाची कारबाइन. कुणी पाहिली असेल तर मोटर चालवणाऱ्या बाईला सांगा."

दोन उन्हाळे प्रवासी तो पुठ्ठा वाचून हसले. तिसऱ्या वसंतात खिंडीपलीकडच्या मुओताताल खोऱ्यातली एक बाई वर निघाली होती. पाळणा सुटायच्या आत ती उतरून आगाताकडे आली.

"हा क्रमांक मी दर वर्षी लिहिते," ती म्हणाली. "मी आमच्या चांदमारी मंडळाची चिटणीस. ही मेल्क बेत्शार्टची कारबाइन."

आगाताने त्या दिवशी पाळणा दहा मिनिटं उशिरा सोडला. तीस वर्षांत पहिल्यांदा.

मुओतातालचं आणि शेखेनतालचं कधी जमलेलं नाही. शेकडो वर्षांपूर्वी कुणी कुणाच्या गाई पळवल्या यावर अजून लग्नाच्या पंगतीत वाद होतात. आगाता त्याच आठवड्यात बसने वळसा घालून तिकडे गेली. मेल्क बेत्शार्ट त्र्याऐंशी वर्षांचा, पांढऱ्या दाढीचा, घरासमोर लाकडं फोडत होता.

"कोण?"

"आगाता बिसिग. शेखेनतालहून आले."

"गाई गोठ्यात आहेत आणि गोठ्याला कुलूप आहे."

"गाय नको बाबा. माझ्या बापाची कारबाइन तुमच्याकडे आहे."

म्हाताऱ्याने कुऱ्हाड ओंडक्यात रोवली. मग आत जाऊन कारबाइन घेऊन आला. तेलाने चकचकीत, दस्ता हाताळून काळसर झालेला. खिशातून पेचकस काढून त्याने दस्त्याच्या बुडाची लोखंडी पट्टी खोलली. आत घडी केलेला कागद होता. शिपाई तिथे आपलं नाव ठेवत. पेन्सिलीचं अक्षर फिकट झालं होतं, पण वाचता येत होतं: बिसिग आम्ब्रोस, गाव श्पिरिंगेन, आणि खाली पलटणीचा आकडा.

बापाचं अक्षर आगाताने त्या आधी फक्त गोठ्याच्या दारावर पाहिलं होतं, वासरांच्या जन्मतारखांत. तिने एकेका अक्षरावरून बोट फिरवलं.

"पन्नास वर्षांत मी हा काढून टाकला नाही," मेल्क म्हणाला. "दर वसंतात पट्टी खोलतो, तेल देतो, हा वाचतो आणि परत ठेवतो. राम राम केल्यासारखं. पण बंदूक द्यायची नाही. माझी बायको अकरा वर्षांपूर्वी गेली, ही आहे."

"मी मागायला आले नाही. विचारायला आले."

"तेच ते. नेमबाजी येते का, नुसती गोळा करतेस?"

"येते."

"शेखेनतालची माणसं गाय सोडून कशालाही नेम धरू शकत नाहीत असं माझा बाप म्हणायचा." त्याने दाढी खाजवली. "ऐक पोरी. जूनच्या सुरुवातीला सार्वजनिक चांदमारी आहे. इथे ये, आमच्या मैदानात, आमच्या लोकांसमोर. हीच कारबाइन, आधी एकही गोळी न झाडता. अठरा गोळ्या, गोळीला फार तर चार, एकूण बहात्तर गुण. मी गेल्या वर्षी पासष्ट मारले. तू पासष्ट ओलांड. ओलांडलेस तर ती बापाच्या पोरीची. नाहीतर हा पुठ्ठा-बिठ्ठा काढायचा आणि मला मरेपर्यंत त्रास द्यायचा नाही."

"मान्य," आगाता म्हणाली. तिचा हात त्याने असा दाबला की बोटं वाजली.

चांदमारीच्या दिवशी मुओतातालचं निम्मं खोरं मैदानावर लोटलं होतं. बातमी पसरायला तिथे वारा लागत नाही. सॉसेज भाजण्याचा धूर, बाकांवर बियरचे ग्लास, आणि आगाता नेम धरायला आडवी झाली तेव्हा मागून कुणीतरी हंबरलं. सगळे हसले. तिने कानांवर आवाज अडवणारे मफ चढवले.

पहिली गोळी. दोन. दुसरी गोळी. पुन्हा दोन. दोन्ही डावीकडे, एकमेकींना चिकटून. मागे कुजबुज झाली. आगाताने मान वळवून मेल्ककडे पाहिलं. तो आकाशातले ढग मोजत होता. लबाड म्हातारा! कारबाइन डावीकडे ओढते हे त्याला कित्येक वर्षं माहीत होतं. दोन छिद्रं इतकी जवळ होती याचा अर्थ तिचा हात स्थिर होता, खोट होती ती फक्त नेमाच्या जागेत. तिने नळीच्या टोकाची माशी काळ्या वर्तुळाच्या उजव्या कडेला टेकवली आणि चाप हळू ओढला. चार. पुन्हा चार. चार. चार. वीस झाले.

मग तीन-तीन गोळ्यांच्या दोन झटपट फेऱ्या. दोन्हींत अकरा, अकरा. एकूण बेचाळीस. शेवटची फेरी सहा गोळ्यांची, एका मिनिटात, आणि त्यात आकडे शेवटीच दिसतात. तेवीस मिळाले तर बरोबरी. ओलांडायला चोवीस हवे, म्हणजे सहाच्या सहा गोळ्या मध्यात.

आता मागे कुणी हंबरत नव्हतं.

हुकूम सुटला. आगाताने काडतूस चढवायची कडी मागे ओढली, पुढे ढकलली, श्वास अर्धा सोडला. बार. कडी. बार. तिला दस्त्याचा गालाला लागणारा भाग गुळगुळीत लागत होता, आणि एका क्षणी वाटलं की ही झीज आधी एका गालाची आहे, मग दुसऱ्याची, आता तिच्या गालाची. बार. बार. घाई नाही. पाचवी. सहावी झाडताना मिनिटातले अकरा सेकंद उरले होते.

पडद्यावर आकडे एकेक करून उमटले. चार. चार. चार. चार. चार. मग यंत्र जरा थांबलं, निदान तिला तसं वाटलं. चार.

सहासष्ट.

मुओतातालची माणसं उद्धट असतील, पण चांगला नेम त्यांना कळतो. अख्खं मैदान उभं राहिलं. चिटणीस बाईने धावत येऊन तिच्या कोटावर बिल्ला टोचला. हंबरणारा माणूस सॉसेजची बशी घेऊन आला. "हे माझ्याकडून. तोंडाला कुलूप लागलं माझ्या."

मेल्क सावकाश आला. "डावीकडे ओढते हे सांगायचं राहिलं."

"दुसऱ्या गोळीला कळलं."

"मला तिसऱ्या वर्षी कळलं होतं," तो म्हणाला आणि एवढ्या मोठ्याने हसला की दाढी थरथरली. मग डोळे पुसले. ते हसण्याने भरले होते की कशाने, हे आगाताने विचारलं नाही. खानावळीच्या टेबलावर त्याने रीतसर करारनामा लिहिला. मोबदल्याच्या रकान्यात लिहिलं: "कुरणावरच्या चीजचं एक चाक, दोन उन्हाळे मुरलेलं. स्वतः आणून देणे."

म्हणून पंधरा दिवसांनी, खिंडीतलं बर्फ उतरल्यावर, आगाता चीजचं चाक पाठीवरच्या लाकडी चौकटीला बांधून पायी निघाली. बसने जाता आलं असतं. पण बापाची वस्तू डोंगराला वळसा घालून आणायची तिला लाज वाटत होती. चढ सरेपर्यंत गुडघे बोलायला लागले. मेल्कने चीज चाखलं, "शेखेनतालच्या मानाने बरं आहे" म्हणाला, आणि कारबाइन तिच्या खांद्याला लावून पट्टा स्वतः नीट केला. दुसऱ्या दिवशी ती खिंड चढून आपल्या बाजूला उतरू लागली तेव्हा कुरणावरच्या गवळ्यांनी लांबूनच ओळखलं. एकाने हाळी दिली, दुसऱ्याने ती पुढे नेली, आणि ती रोपवेच्या वरच्या ठाण्यावर पोचेपर्यंत खाली चर्चजवळ माणसं जमली होती. तीस वर्षं तिने दुसऱ्यांना खाली सोडलं होतं. त्या दिवशी मोटर हर्गर चालवत होता, आणि पाळण्यात ती एकटी, राणीसारखी.

ती तडक वृद्धाश्रमात गेली, आई आता तिथे राहायची. कारोलीना सत्त्याऐंशी वर्षांची, खिडकीशी बसलेली. आगाताने कारबाइन तिच्या मांडीवर ठेवली. म्हातारीने कडी मागे ओढून नळीत डोकावून पाहिलं, रिकामी असल्याची खात्री केली, दस्ता खांद्याला लावला आणि खिडकीतून चर्चच्या घड्याळावर नेम धरला. ना हात थरथरला, ना मान. आगाता बघतच राहिली.

"ही डावीकडे ओढते," कारोलीना म्हणाली.

"तुला कसं माहीत?"

"कसं म्हणजे? आम्ब्रोसला दहा पावलांवरचा गोठा लागायचा नाही. बायकांना मंडळात घेत नव्हते. मग मी वर कुरणावर ह्याच बंदुकीने बिळातून डोकावणारे मार्मट मारायचे आणि गावात सांगायचे, नवऱ्याने मारले. बिचारा खूष असायचा." तिने कारबाइन खाली घेतली. "तुला काय वाटलं, तुझा नेम बिसिगांकडून आला?"

आगाता खाटेवर बसून इतकी हसली की परिचारिका धावत आली. हसता हसता तिच्या लक्षात आलं, आईने त्या शरदात पोत्यात काय काय बांधून दिलं होतं ते. तिने आईचा हात धरला.

"वाईट वाटलं असेल गं."

"वाटलं ना. पण मार्मटाच्या कातड्याचे कोट घालून पाच पोरं शाळेत जात नाहीत." मग म्हातारी जरा पुढे झुकली. "आता घेतात का बायकांना?"

पुढच्या जूनमध्ये शेखेनतालच्या मैदानावर कारोलीना बिसिगचं नाव यादीत होतं, वय अठ्ठ्याऐंशी. वयाच्या सवलतीने तिला टेबलाशी बसून झाडायची परवानगी मिळाली. खिंडीपलीकडून मेल्क बेत्शार्ट खास आला होता आणि पहिल्या बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसला होता. अठरा गोळ्या झाल्या. अठ्ठावन्न गुण. तिच्या वयाला बिल्ला मिळायला पुरून उरतील एवढे. टाळ्यांनी छप्पर हलायची वेळ आली.

आगाता बिल्ला टोचायला वाकली तर म्हातारी रागावलेली.

"साठ झाले असते," ती म्हणाली. "चष्मा जुना आहे. उद्या मला खाली डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन चल."