मावसभावाचा ठिपका

जगातल्या कुठल्याही गोष्टीचा ठिपका होऊ शकतो, यावर माझ्या मावसभावाइतका गाढ विश्वास दुसऱ्या कुणाचा नसेल. दोन हजार सालच्या आसपास, गंगापूर रोडवरच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, मावशीने विणलेलं झाकण काढून दादा कॉम्प्युटरसमोर बसला की सगळं नाशिक त्याला ठिपक्यांतच दिसायचं. बरं, तो चित्रं काढायचा म्हणावं तर तेही नाही. माहितीची हलती, हात लावला की बदलणारी चित्रं ज्याला कुणाला काढायची असतील, त्याच्यासाठी हा अवजारं बनवत होता. ठिपके, रेघा, सरकत्या पट्ट्या सगळं तयार. आपण फक्त माहिती ओतायची. मावशीचं मत थोडक्यात होतं, "ह्याला पोहे कर म्हटलं तर हा आधी कढई घडवायला बसेल."

अवजारं कधीच पूर्ण व्हायची नाहीत आणि ती तपासायला माहिती मात्र सतत लागायची. मिसळीची तर्री कुठे किती लाल, हे टिपायला तो रोज मिसळ खायचा आणि पोट बिघडलं की त्याचाही ठिपका टाकायचा. त्र्यंबकेश्वरच्या रांगेत लोक देवाचं नाव घेत असताना हा पुढच्या-मागच्यांना विचारत होता, कुठून आलात, केव्हापासून उभे आहात. खेड्यातले एक आजोबा वैतागले. "पोरा, तू देवस्थानचा हाय का पोलिसांचा?" दादा शांतपणे म्हणाला, "ठिपक्यांचा." आजोबांनी त्याला निमूट पुढे जाऊ दिलं.

मावशीला सून हवी होती, पण त्याहून जास्त, काका गेल्यापासून एकुलता एक मुलगा डोळ्यांसमोर हवा होता. दादाने आलेली सगळी स्थळं कॉम्प्युटरमध्ये भरली. प्रत्येक मुलगी एक ठिपका, प्रत्येक अटीला एक पट्टी: शिक्षण, उंची, स्वयंपाक, नाशिकपासूनचं अंतर. पट्टी सरकवली की अटीत न बसणारे ठिपके गायब. अंतराची पट्टी मुंबईला संपत होती, कारण त्यापलीकडचं जग मावशीला मान्यच नव्हतं. तिने माउस हातात घेतला आणि कसलीही दयामाया न दाखवता सगळ्या पट्ट्या ताणल्या. शिक्षण भरपूर, स्वयंपाक दहापैकी दहा, अंतर शून्य. पडदा ओसाड झाला. एकच ठिपका उरला.

मावशीने हात जोडले. "हीच माझी सून! उघड, उघड."

दादाने उघडलं तर त्याचाच फोटो. अवजारं तपासायला त्याने आधी स्वतःची माहिती भरली होती आणि काढायला विसरला होता. स्वयंपाकाचे दहा गुण त्याने स्वतःला कुठल्या तोंडाने दिले, हे मी आजही विचारतो. मावशी मात्र जराही खजील झाली नाही. "चुकलं काय त्यात? माझ्या मापात बसणारं तेवढंच आहे."

शेवटी त्या अर्धवट अवजारांनीच घात केला. ती अमेरिकेतल्या कुणाला तरी आवडली आणि दादाला तिकडून नोकरीचं बोलावणं आलं. मावशी बराच वेळ पोळ्या लाटत राहिली. मग म्हणाली, "जा. पण तुझा ठिपका पुसू नकोस."

निघायच्या आदल्या दिवशी बॅगा उघड्या टाकून हा कॉम्प्युटरसमोर. मी चिडलोच. बघतो तर त्याने मुलींचे ठिपके काढून टाकले होते अंतराची पट्टी मुंबईच्या पुढे, पार अमेरिकेपर्यंत वाढवली होती आणि स्वतःचा ठिपका तिच्या टोकाला नेऊन ठेवला होता. आयुष्यात त्याने पूर्ण केलेलं ते एकच काम.

त्याचं लग्न तिकडेच झालं. सुट्टीत आला तेव्हा आपल्या ठिपक्याशेजारी बायकोचा ठिपका ठेवून गेला. मला त्याची फार आठवण येते. मावशीकडे गेलो की ती कॉम्प्युटरवरचं झाकण काढते. "थांब, दादाला दाखवते." मी म्हणतो, फोन लाव ना. "फोनवर तो अवजारांबद्दलच बोलतो," ती म्हणते आणि पट्टी ओढू लागते. मुंबई मागे पडते, पडदा कोराच. अगदी टोकाला पोचल्यावर ते दोघं उगवतात.

पण पट्टी हलवण्याआधी ती दर वेळी शून्यावर थोडी थांबते आणि चष्मा सारखा करून पडदा नीट बघून घेते. न जाणो, इथेच दिसायचा.