डोळ्यांचा स्थानिक दर

परदेशातून आरोग्यासाठी पैसा आला की माणसं बरी होतात का, ते डॉक्टर जाणोत. पेणमधली भाडी मात्र लगेच फुगली. बायकांच्या अंगात रक्त वाढवायचा प्रकल्प होता. कचेरीसाठी जागेच्या मालकाने तोंडाला येईल ते भाडं मागितलं आणि प्रकल्पवाल्यांनी घासाघीस न करता दिलं. झालं! सगळ्या गल्लीला वाटलं, आपण आजवर भाडेकरूंना फुकटच ठेवत होतो. शेजारच्या जिते गावच्या डॉक्टरांकडची नर्स प्रकल्पात गेली. जीपवाले लग्नाच्या वऱ्हाडांना नाही म्हणू लागले.

मला त्याचं सोयरसुतक नव्हतं. आमचा गणपतींचा कारखाना. पण एक दिवस त्यांनी माझ्या वहिनीलाच नेलं.

वहिनी म्हणजे थोरल्या भावाची बायको. आमच्या सगळ्या मूर्तींच्या डोळ्यांची आखणी तिच्या हातची. प्रकल्पाला रोह्यापर्यंतच्या गावांत भिंतींवर गरोदर बाया आणि पालेभाज्या रंगवून हव्या होत्या. तिला मिळणारा दिवसाचा रोज ऐकून माझ्या हातातला चहा सांडला. वहिनी सकाळी खांद्याला पर्स लावून जीपमध्ये बसायची आणि इकडे फळ्यांवर गणपती आंधळे बसून. चतुर्थी तोंडावर आलेली. बिनडोळ्यांचे गणपती व्यापारी थोडेच उचलणार? वर्षभराची मेहनत पाण्यात जाणार, म्हणून माझी झोप उडाली.

अशात परदेशी पाहुण्या बाई कारखाना बघायला आल्या. सोबत प्रकल्पाचे साहेब आणि वहिनी. बाईंनी विचारलं, यांना डोळे का नाहीत?

"डोळे तुमच्या जीपमधून रोह्याला जातात," मी तडकलो. "उपकार करा, पण इथले भाव बिघडवू नका. स्थानिक दराने पैसे द्या!"

साहेबांनी ते इंग्रजीत सांगितलं. बाईंना पटलं. त्या म्हणाल्या, दुसऱ्यांची माणसं अशी ओढून घेणं बरं नाही. साहेबांनी लगेच पेन काढलं. "ठीक आहे, स्थानिक दरच देऊ. तुमच्याकडे यांना रोज किती मिळतो?"

मी गणपतींकडे बघितलं. त्यांना डोळे नव्हते ते बरंच झालं. घरच्या माणसाला कुणी रोज देतं का?

"सांगा की भावोजी," वहिनी म्हणाली. "वर्षातून एकदा, गणपतीच्या सणाला एक साडी. ती पण सासूबाईंच्या पसंतीची."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. मला लाज वाटली आणि रागही आला, पण राग काढायचा कुणावर?

चतुर्थीच्या आत सगळ्या मूर्तींना डोळे आले. वहिनी कारखान्यात परत आली ती प्रकल्पाच्याच दराने, तो मीच मोजला, आणि पहिल्या संध्याकाळी पैसे हातात पडल्यावरच तिने ब्रश धुतला.

आता प्रकल्प गुंडाळला. भाडी उतरली, जीपवाले पुन्हा वऱ्हाडं नेतात. वहिनीचा रोज तेवढा उतरत नाही. मी कुरकुरलो की ती ब्रशवरून नजर न काढता म्हणते, "स्थानिक दर हाय तो, भावोजी."