नाथसागरावर जाळी वाळत पडली होती

"सर, पानी पे इत्ता बोलते तुम, कब्बी पानी में उतरे क्या?"

वाळूजला माझं भाषण संपून अर्धा तासही झाला नव्हता. टपरीवर चहा घेताना इम्राननं हे विचारलं. इम्रान तिथल्या एका कारखान्यात लेथवर काम करतो आणि सुट्टीच्या दिवशी कयाक चालवतो. कयाक म्हणजे एका माणसाची लांबट, निमुळती होडी. पंचवीस वर्षं मी धरणग्रस्तांच्या सभांतून बोलतो आहे. पैठणच्या धरणाच्या, म्हणजे नाथसागराच्या, पाण्याखाली गेलेल्या गावांची नावं मला तोंडपाठ आहेत, पण त्या गावांवरून मी एकदाही गेलो नव्हतो. मला लाज वाटली, आणि लाज वाटली की माझे निर्णय लवकर होतात. कायगाव टोक्यापासून पैठणपर्यंत, चार दिवस, दोन कयाक.

आधी तीन महिने दर रविवारी वल्हं मारायला शिकलो. खांदे दुखून भाषणात हात वर होईनात, हा विरोधकांचा फायदा. कुणाला जायचं असेल तर आधी हे ऐका: हा जलाशय पक्षी अभयारण्य आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय पाण्यात उतरू नका. पिण्याचं पाणी सोबत घ्या. वाळूजहून पुणे रस्त्यानं कायगाव तासाभरावर आहे. कयाक नेण्यासाठी आम्ही पिकअप ठरवली होती. आणि दुपारी बारानंतर पाण्यावर थांबू नका. वारा सुटतो तेव्हा समुद्रासारख्या लाटा येतात आणि काठ कुठल्याच बाजूला दिसत नाही.

फेब्रुवारीतली सकाळ होती. पहिले दोन तास मी काही बोललो नाही, याची इम्राननं नोंद घेतली. "तबियत ठीक है ना सर?" पाणी उतरायला लागलं होतं. उघड्या पडलेल्या गाळावर लोकांनी गहू-हरभरा पेरला होता, आणि शेतांतून निघालेले मोटारींचे काळे पाइप पाण्यात उतरले होते. मधेच वाळक्या बाभळींचं रान लागलं. झाडं कधीच मेलेली, नुसते काटे पाण्याबाहेर. त्यांच्यामधून जाताना वल्हं कशाला तरी लागलं. मी वाकून पाहिलं. घडीव दगड होता, एका घराचं जोतं. नकाशात इथं काहीच नाही. ज्या देशात गाव बुडवायला एक सही पुरते, तिथं नकाशा साफ करायला किती वेळ लागणार?

अकरा वाजता काठाला लागलो. बाजरीच्या भाकरी आणि ठेचा खाल्ला, तंबू ठोकला, वारा ऐकत बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला मासेमारांची एक वस्ती दिसली. बांबूंवर जाळी वाळत होती. सगळीच जाळी. पाण्यावर कुणी नव्हतं, काठावर मात्र तीस-चाळीस माणसं बसली होती. मासे विकत घेणाऱ्या ठेकेदाराचा, बर्फाच्या पेट्या घेऊन आलेला टेम्पो रिकामाच वळत होता.

पस्तिशीचा एक उघडा माणूस पुढं आला. त्याचं नाव दत्तू. "कुठून आले? वाटंत काय दिसलं का?"

"काय दिसायला हवं होतं?"

"माझा भाऊ."

धाकटा भाऊ गणेश परवा दुपारी जाळं काढायला गेला होता. वारा सुटला. थर्माकोलच्या ज्या ठोकळ्यावर बसून हे लोक मासे धरतात तो ठोकळा काठाला लागला, गणेश नाही. तेव्हापासून आज सकाळपर्यंत लोकांनी गळ टाकून शोधलं होतं. आणि आपला माणूस पाण्यात असेपर्यंत त्या पाण्यात जाळं टाकायचं नाही, ही इथली रीत. कारण कुणी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. दोन दिवस वस्तीत मासा नव्हता, म्हणजे बाजारही नव्हता.

मी पेटलो. चाळीस माणसं समोर, विषय हाताशी. म्हणालो, ज्याच्या अंगावर पाण्यात तरंगवणारं साधं जॅकेट नाही त्याच्या मरणाला अपघात म्हणू नका. ठेकेदार मासा नेतो, सरकार ठेक्याचे पैसे घेतं, आणि तुम्हाला थर्माकोल! चला कलेक्टर कचेरीवर. माझं जॅकेट काढून मी दत्तूपुढं धरलं.

त्यानं ते हातात घेऊन पाहिलं. "चांगलं हाय सर. पण ह्याला पट्टे हायेत, चिमटे हायेत. जाळं ह्याच्यात अडकलं की वढत नेतं. आमी तर बटनाचा सदरा बी घालत नाय पाण्यात."

मी जॅकेट परत अंगात घातलं. मागून एक म्हातारी उठली. गणेशची आई, पार्वताबाई. दोन दिवसांत तिचा आवाज पार बसला होता.

"दादा, लई चांगलं बोलता. पर तुमची व्हडी हलकी हाय. त्या समोरच्या बाभळीत आमचं काय जात नाय, काट्यानं थर्माकोल फुटतं. बोलण्यापेक्षा तिकडं बघून येता का?"

कुणीतरी हसलं. इम्रान आधीच कयाककडं निघाला होता.

बारा वाजेपर्यंत आम्ही बाभळीतून फिरलो. दर झाडाजवळ थांबायचं, काठीनं खाली चाचपायचं. काठीला मऊ काही लागलं की इम्रानला हाक मारायची. एकदा पोतं निघालं, एकदा मेलेलं वासरू. इम्रान काहीतरी पुटपुटत होता, दुवा असावी. दुपारनंतर काठावरून पायी शोधलं. गणेशचा टॉवेल एका फांदीला सापडला, एवढंच. तो पार्वताबाईच्या हातात मीच दिला. तिनं तो पिळला, झटकला आणि जाळ्यांशेजारी वाळत घातला.

तिसऱ्या दिवशी पहाटेपासून पुन्हा तेच. नऊ वाजता परत आलो तेव्हा टेम्पो पुन्हा येऊन उभा होता आणि सगळे खाली मान घालून बसले होते. पार्वताबाईनं बांबूवरचं एक जाळं ओढून खांद्यावर घेतलं.

दत्तू धावला. "आये, आजूक गणेश घावला नाय."

"मला सांगतो व्हय? माझं लेकरू हाय त्यात, मला ठावं हाय." तिनं वस्तीकडं हात केला. "त्याच्यापायी ह्यांच्या चुली किती दिस इझवू? गणेशला हे चाललं असतं का?"

"रीत हाय आये."

"रीत माझ्यासाठीच हाय ना? मग मी मोडली."

ती कमरेइतक्या पाण्यात गेली आणि तिनं जाळं टाकलं. मग एकेक जण उठला आणि बांबूवरून आपापलं जाळं काढायला लागला. तासाभरानं मासे आले, भरपूर आले. टोपल्या उचलताना कुणी कुणाकडं पाहिलं नाही.

पैठण राहिलं. त्या पाण्यावरून पुढं वल्हं मारणं दोघांनाही जमलं नसतं. पिकअप तिथंच बोलावली. निघताना इम्राननं आपली कयाक दत्तूला देऊन टाकली, बाभळीत शोधण्यासाठी. "वापस देना मत," म्हणाला.

चार आठवडे झाले. दत्तूला फोन करतो. "आजूक नाय सर," म्हणतो. माझं मत बदललेलं नाही. हे मरण अपघात नाही. पण पुढच्या सभेत मी जॅकेट मागणार नाही. बसायला धड होडी मागेन, आणि ती कशी हवी हे व्यासपीठावर दत्तू सांगेल. मी खाली बसेन.

घरी पोचलो त्या दिवशी आमच्या गल्लीचा पाण्याचा वार होता. शहराला पाणी याच धरणातून येतं आणि रोज येत नाही. त्यावर मी कितीतरी सभा गाजवल्या आहेत. बायको मोरीतून ओरडली, "आलं बघा, ड्रम लावा!" पाइप धरून उभा राहिलो. पाणी स्वच्छ होतं, जोरात होतं. तिनं तांब्या भरून माझ्यापुढं धरला. "उन्हातून आलात, प्या आधी."

तांब्या दोन्ही हातांनी धरून मी आत पाहिलं. मग प्यालो.