आम्ही आखाड्यातच बसलो

माझे दोन्ही कान मोडलेले आहेत. पैलवानांचे होतात तसे, जाड आणि गाठाळलेले. मला बघायला पाहुणे आले तेव्हा आईनं माझा पदर कानांच्या खाली येईल असा ओढून दिला होता. मी चहाचा ट्रे खाली ठेवला आणि पदर मागं सारला. पाहुण्यांमधल्या एका बाईंनी विचारलं, "कानाला काय झालंय?"

"कुस्ती खेळते मी," मी म्हटलं. "लग्न झाल्यावरबी खेळणार हाय."

आई आत जाऊन रडली. त्या बाई मात्र उठून गेल्या नाहीत. त्याच पुढं माझ्या सासूबाई झाल्या. मुलगा फौजेत होता, त्यानं आधीच होकार कळवला होता. आणि पोर झालं की हे खूळ आपोआप उतरेल, असं त्यांना वाटत होतं. तसं त्यांनी माझ्या आईला तोंडावर सांगितलंही.

हे खूळ लावलं माझ्या चुलत्यांनी. आटपाडीच्या बाजूला आमचं गाव. चुलते फौजेतून निवृत्त होऊन आले आणि गावच्या तालमीत पोरांना शिकवायला लागले. फौजेत असताना ते स्वतः खेळायचे. मी शाळेतून येताना तालमीच्या दारात उभी राहून बघायचे. एकदा म्हटलं, "मलाबी शिकवा की." त्यांनी दुसऱ्याच सकाळी मला आत नेलं. संध्याकाळी गावातली वडीलधारी माणसं आमच्या ओसरीवर. तालमीत मारुती हाय, पोरीचा पाय आत नको, एवढंच त्यांचं म्हणणं.

चुलत्यांनी वाद घातला नाही. "मारुती त्याच्या जागी, आपण आपल्या जागी," असं मला म्हणाले आणि डाळिंबाच्या बागेच्या कडेची पत्र्याची शेड मोकळी केली. त्यात खतं-औषधं असायची. लाल माती आणून टाकली, चाळली, तिच्यात ताक, तेल, हळद कालवली. तिथं मी पहिली पडले आणि तिथंच पडायचं कसं ते शिकले. चुकलं की चुलते फौजेतल्या हिंदीत म्हणायचे, "फिर से." रागवायचे नाहीत. नुसतं "फिर से." सोबतीला मुली नव्हत्या, म्हणून मी चुलतभावांशी खेळायचे. मी त्यांना पाडायला लागले तसे एकेक जण यायचे बंद झाले.

पुढं सांगलीला राहून शिकले, मॅटवर खेळले, राज्यापर्यंत गेले. जिंकले, हरलेही बरीच. मग लग्न होऊन माण तालुक्यात आले. पहाटे ट्रॅकपँट घालून माळावर पळायला जायचे तेव्हा मेंढ्या घेऊन निघालेली माणसं थांबून बघायची. कोण काही बोललं की मी वळून "काय म्हणाला?" विचारायचे. मग कुणी काही म्हटलेलं नसायचं.

मुलगी झाली. बाळंतपणानंतर पहिल्यांदा जोर काढायला वाकले तर हातांनी भार पेलला नाही आणि मी तोंडावर आले. सासूबाई दारात उभ्या होत्या. "झालं नव्हं आता?" त्या म्हणाल्या. त्यात कुचेष्टा नव्हती. त्यांना खरंच सुटल्यासारखं वाटलं होतं.

"न्हाई झालं," मी म्हटलं.

त्यावरून आमचं मोठं भांडण झालं. नवऱ्याला फोन लावला तर तो म्हणाला, "तुमच्या दोघींत मी पडत न्हाई." मी पोरीला घेऊन माहेरी गेले. शेडच्या पत्र्याखालच्या अँगलला झोळी बांधली. पोरगी झोळीत, मी मातीत. ती रडली की अर्ध्या बैठकीवरून उठायचं, पाजायचं, परत यायचं. चुलते आता थकले होते, खुर्चीत बसून सांगायचे. पण सांगायचे तेच.

पोरगी पावलं टाकायला लागली त्या सुमारास औंधच्या बाजूच्या एका जत्रेतल्या कुस्त्यांचं मैदान मिळालं. माझी जोड वाळव्याकडच्या एका मुलीशी लावली होती. लग्नाआधी मी तिला एकदा पाडलं होतं. त्यानंतर ती खूप पुढं गेली होती, अंगानंही भरली होती. कमिटीनं फोनवर सांगितलं, कुस्ती संध्याकाळी, मोठ्या कुस्त्यांच्या आधी.

चुलते, पोरगी आणि मी पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. मैदानाभोवती पोरंसोरं आणि सावली शोधणारी दोन-चार म्हातारी माणसं. बाकी सगळा गाव जेवायला गेलेला. तेवढ्यात माईकवरून आमची नावं पुकारली. आता मंडळी, लोक जमेपर्यंत जरा गंमत म्हणून मुलींची कुस्ती बघू या, असं निवेदक म्हणाला.

मला वाटलं, काही घोटाळा झाला असेल. मी आखाड्यात गेले, ती मुलगीही आली. कमिटीतला एकजण पांढऱ्या टोपीत धावत आला. मी त्याला विचारलं, संध्याकाळी होती ना?

"आवं ताई, संध्याकाळी नामांकित पैलवान हायती. बायकांची कुस्ती बघायला कोण थांबतंय? पटकन उरकून घ्या."

"कोण थांबत न्हाई तर आमी थांबतो," मी म्हटलं आणि होते तिथंच मातीत मांडी घालून बसले.

त्या मुलीनं माझ्याकडं बघितलं. ती मला पाडायला आली होती, मागचा वचपा काढायला. ती म्हणाली, "अक्का, तुमी बसला तर मीबी बसते." आणि बसली.

हलगी थांबली. टोपीवाल्यानं आधी हसून सांगितलं, मग दम दिला. इनाम मिळणार नाही, पुन्हा या मैदानावर पाय ठेवू देणार नाही. आम्ही उठलो नाही. मग तो चुलत्यांकडं गेला. "पैलवान, पोरीला समजवा."

चुलत्यांच्या कडेवर माझी मुलगी होती. ते म्हणाले, "कुस्ती तिची हाय. तिला इचारा."

माती तापली होती. पाय भाजत होते, अंगातून घामाच्या धारा लागल्या होत्या. आखाड्याच्या मधोमध आम्ही दोघी, त्यामुळं दुसरी कुस्ती लावता येईना. लंगोट कसून आलेले पैलवान कडेला ताटकळले. जेवून आलेले लोक गोळा व्हायला लागले, काय झालं म्हणून एकमेकांना विचारायला लागले. समोरच्या घरातली एक बाई गर्दीतून वाट काढत आली. या मैदानात बायका बघायलाही येत नाहीत. तिनं आम्हाला तांब्याभर पाणी दिलं आणि टोपीवाल्याकडं न बघता परत गेली.

शेवटी तो आला. "बरं, संध्याकाळी लावतो. उठा आता."

"तोंडी नको," मी म्हटलं. "माईकवर सांगा."

त्याचा चेहरा लाल झाला. पण सांगितलं.

संध्याकाळी मैदान गच्च भरलं होतं. झाडांवरसुद्धा माणसं. हलगी अशी कडाडत होती की छातीत घुमायची. सलामी झाली आणि तिनं थेट पट काढायला, म्हणजे माझे पाय धरायला झेप घेतली. मी पाय मागं टाकला, तिची मान दाबली. बराच वेळ आम्ही एकमेकींना हलू दिलं नाही. एकदा मी तिला ढाकेवर, म्हणजे कमरेवर घेऊन उचललंही, पण पूर्वीची कंबर राहिली नव्हती. ती सटकली, माझ्या पाठीवर आली, आणि घिस्सा ओढून, म्हणजे मागून कमरेला धरून खेचत, तिनं मला उताणं केलं. खांदे मातीला लागले.

मी हरले. पडल्या-पडल्या लोकांचा ओरडा ऐकू येत होता. इतकी माणसं माझ्या कुस्तीला कधी ओरडली नव्हती. मला वाईट वाटलं, हे खोटं कशाला सांगू? पण लाज वाटली नाही. तिनं हात देऊन मला उठवलं. मी म्हटलं, "परत लागू."

"कवाबी," ती म्हणाली.

कुणीतरी काढलेला व्हिडिओ सासूबाईंनी बघितला होता. मी पोरीला घेऊन सासरी परतले तेव्हा म्हणाल्या, "एवढ्या उन्हात बसून हरायला गेलीस व्हय?"

"व्हय. पुढच्या येळंला जिंकायला जाईन."

पुढच्या वेळी जिंकले, त्याच्या पुढच्या वेळी परत हरले. त्या गावात आता मुलींच्या कुस्त्या संध्याकाळी होतात, पण तेवढ्यानं सगळं बदललं असं मी म्हणणार नाही. गेल्याच वर्षी दुसऱ्या एका गावात मला पुन्हा भांडावं लागलं. घराच्या मागं मीही आता माती टाकली आहे. वस्तीवरच्या मुली येतात. कुणाच्या घरून तक्रार आली की मी स्वतः जाऊन बोलते.

सासूबाई अजून रागातच आहेत. पोरीला सांभाळतात, माझ्यासाठी दूध-बदामही काढून ठेवतात, पण आल्यागेल्याला सांगतात, "यंदा बंद करणार हाय ती."

मी आतून ओरडून सांगते, "न्हाई करणार."