पत्र्याचं नख

भोकरदन तालुक्यातल्या आमच्या शाळेत नवनिर्मितीची प्रयोगशाळा आली आणि तिची किल्ली माझ्या खिशात आली. देश कल्पक व्हायचा तर मुलांच्या हातांना काम हवं, असं भाषण मी पाहुण्यांसमोर ठोकायचो आणि ते गेले की अवजारांच्या कपाटाला कुलूप लावायचो. ड्रिल हरवलं तर सही माझी होती ना.

नववीतल्या एका मुलीने त्या कपाटातलं काही मागितलंच नाही. तिची आई कपाशीच्या बियाणे प्लॉटवर क्रॉसिंगच्या, म्हणजे हाताने परागीकरण करायच्या कामाला जायची. तिथे दिवसभर कळीच्या पाकळ्या आणि पुंकेसर अंगठ्याच्या नखाने काढायचे असतात. हंगाम संपेस्तोवर नख फाटून जातं. मुलीने तेलाच्या डब्याचा पत्रा कापला आणि आईच्या अंगठ्यावर बसेल अशी टोपी केली. आतून चिंधी, पुढे नखासारखी कड. आईने ती दोनदा घट्ट होते म्हणून परत दिली आणि दोन्ही वेळा पोरीने पुन्हा माप घेऊन ती सैल केली.

मला टोपी फार आवडली, आणि लगेच मी तिची वाट लावली. जिल्ह्याच्या प्रदर्शनात वस्तू लांबून दिसली पाहिजे, हा आम्हा शिक्षकांचा जुना हट्ट. थर्माकोल आणला, सोनेरी रंग आणला आणि मुलीला हातभर उंचीचं नख करायला बसवलं. तिने एकदाच विचारलं, "सर, एवढा मोठा अंगठा कोणाचा असतोय?"

परीक्षकांना असंच लागतं, असं मी सांगितलं. खरी टोपी घरीच ठेवायला लावली, कारण तिच्यावर गंज दिसत होता. निवड झाली तर तिला राज्याच्या प्रदर्शनाला जायला मिळणार होतं. जालन्याच्या पलीकडे ती कधी गेली नव्हती.

जालन्यात परीक्षक बाईंनी ते सोनेरी नख उचललं, उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, "हे घालायचं कसं? एवढा अंगठा असतो का कुणाचा?"

आजूबाजूचे हसले. तिने माझ्याकडे नुसतं बोट दाखवलं असतं तरी पुरे होतं. पण ती खाली बघत म्हणाली, "माझं चुकलं, मॅडम. माप घ्यायचं राहून गेलं."

मी तिच्या शेजारीच उभा होतो. मी गप्प राहिलो, याची लाज अजून जात नाही.

आता कपाट उघडं असतं. ती मात्र दहावी होईपर्यंत मला काही दाखवायला पुन्हा आली नाही.